लागू नाही

कात्रजचा नवा बोगदा संपून गाडी उजेडात आली की पुढच्या सीटवर बसलेला आमचा मामा सावकाश मागे वळतो. चष्मा कपाळावर चढवतो. मागच्या दोन्ही रांगांवरून एकदा नजर फिरवतो. खिडक्या बंद, दारं बंद, गाडी ऐंशीवर. आता कोणी उतरून जाऊ शकत नाही याची खात्री पटली की घसा खाकरून म्हणतो, “दोघं जण मेलेत.”

आम्हाला याची सवय आहे. गेल्या मे महिन्यात ड्रायव्हर नवा होता. त्याने ब्रेक मारला.

“कुठं, साहेब?”

“बंद खोलीत. तुम्ही गाडी चालवा. जमिनीवर काचा आहेत, पाणी सांडलंय, खिडकी वाऱ्याने आपटतेय. हं, विचारा प्रश्न.”

“पोलिसांना कळवलं का?”

“लागू नाही,” मामा म्हणाला.

ते दोघं म्हणजे काचेचं भांडं फुटून मेलेले शोभेचे मासे, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ड्रायव्हर बिचारा खेड शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंत हळहळत होता. उत्तर कळल्यावर त्याने एकदा मामाकडे पाहिलं आणि म्हणाला, “मासे होय! मग मेले म्हणून काय झालं?”

सहकुटुंब प्रवासात गाडी कोणतीही असो, आत बसणारे ठरलेले असतात. एक जण असा, की गॅस बंद केला का हे त्याला पहिल्या टोलला आठवतं. एक जण मिसळ कुठे खायची या विषयाचा अधिकारी. एका पोराच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि गालात आवळासुपारी. गाण्याच्या भेंड्यांत ‘ळ’ आला की रुसणारी एक मावशी. आणि एक कोडेवाला. पहिल्या चौघांना प्रवास संपेपर्यंत सोसलं की झालं. कोडेवाल्याचं तसं नाही. मुक्काम आला तरी त्याचं उत्तर राहिलेलं असतं, आणि ते दिल्याशिवाय तो डिकी उघडू देत नाही.

मामाची कोडी साधी नव्हेत. पाच माकडं आणि तीन केळी छापाची आकडेमोड त्याला हलकी वाटते. त्याची कोडी आडव्या विचाराची. गोष्टीचं शेवटचं टोक तो आपल्या हातात देतो, सुरुवात आपण शोधायची. तीही नुसते प्रश्न विचारून, आणि त्या प्रश्नांना उत्तरं तीनच: होय, नाही, लागू नाही. हा नियम मामाने काढलेला नाही, जगभर हा खेळ असाच खेळतात. पण तो मामाला जितका शोभतो तितका जगात कोणाला शोभला नसेल. छत्तीस वर्षं तो एका सरकारी कार्यालयात टेबल सांभाळून होता. नेमकं विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही, विचारलं तर तेवढंच सांगायचं, आणि समोरचा उत्तराच्या जवळ पोचला की चहाला उठायचं, ही सगळी तयारी त्याची तिथेच झाली.

निवृत्त झाल्यावर त्याने लाल कापडी पाठीचं एक जाडजूड रजिस्टर विकत आणलं. त्यात कोडी आहेत आणि प्रत्येक कोड्याला आवक क्रमांक आहे. प्रश्न पुढून, उत्तरं मागच्या पानांवरून उलटी लिहिलेली. उत्तराची पानं उघडायचा अधिकार फक्त त्याला. जर्मनीत नोकरी करणाऱ्या एका भाच्याने त्याला ‘ब्लॅक स्टोरीज’ नावाचा खेळ आणून दिला. तिकडे हा खेळ २००४ सालापासून मिळतो. पन्नास काळे पत्ते, पुढच्या बाजूला चित्र आणि कोडं, मागे उत्तर. मामाला जर्मन येत नाही. तरीही त्याने ती पेटी दोन प्रवास चालवली. चित्र दाखवायचं आणि म्हणायचं, “हा मेला. कसा?” आम्ही काहीही सांगितलं की पत्त्याच्या मागची जर्मन अक्षरं गंभीरपणे पाहायची आणि म्हणायचं, “नाही.”

या विद्येचा कुलपुरुष म्हणजे एडवर्ड डी बोनो. जन्म १९३३, माल्टा बेटावर. शिक्षणाने डॉक्टर. ‘लॅटरल थिंकिंग’ हे नाव त्याने १९६७ साली रूढ केलं, २०२१ साली तो गेला. मामा त्याच्याविषयी पलीकडच्या टेबलावरच्या सहकाऱ्याविषयी बोलावं तसं बोलतो.

“आमचा बोनो काय सांगायचा,” मामाने वाटेत सुरू केलं, “की एकच खड्डा कितीही खोल खणत गेलात, तरी दुसऱ्या जागी खड्डा पडत नाही. सरळ विचार म्हणजे तोच खड्डा आणखी खोल करणं. आडवा विचार म्हणजे जागा बदलून दुसरीकडे खणणं.”

तेवढ्यात गाडी आधी डावीकडे आदळली, मग उजवीकडे.

“या रस्त्यावर दोन्ही विचार झालेले दिसतात,” मामी म्हणाली.

मामी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिचा विचार फूटपट्टीने आखलेला असतो. बोनोने १९८५ साली सहा टोप्यांची पद्धत मांडली. पांढरी टोपी घालून नुसती माहिती पाहायची, काळी घालून धोके पाहायचे, पिवळी घालून फायदे, अशा एकेक करत सहाही टोप्या घालून प्रश्न तपासायचा. मामाने हे सगळं रंगवून सांगितलं तेव्हा मामी म्हणाली, “मला बाई एकच टोपी माहीत आहे. आपलं लग्न ठरताना मला घातली ती.”

पण मामाचा खरा पराभव मामीने कधी केला नाही. तो त्याच्या आईने, म्हणजे आमच्या आजीने केला, आणि तोही डोळे मिटून.

आवक क्रमांक ४१. एक माणूस हॉटेलात शिरतो आणि पाणी मागतो. गल्ल्यावरचा माणूस पाण्याऐवजी पिस्तूल काढून त्याच्यावर रोखतो. पहिला माणूस आभार मानून निघून जातो. का? मामाच्या हिशेबाने हे कोडं शिरवळला सुरू करून खंबाटकी घाट उतरेपर्यंत पुरायला हवं. पिस्तुलात गोळ्या होत्या का, दोघांची जुनी ओळख होती का, मागचं बिल थकलं होतं का, असे प्रश्न यायला हवेत. मामाने पाण्याची बाटली उघडून लांबच्या बैठकीची तयारीसुद्धा केली होती. आजी मागच्या सीटवर जप करत होती. माळ न थांबवता ती म्हणाली, “उचकी लागली असेल रे त्याला.”

गाडीत शांतता पसरली. उचकी लागलेल्याला आधी पाणी द्यायचं, नाही थांबली तर दचकवायचं, यावर आजीने चार पोरं आणि नऊ नातवंडं वाढवली आहेत. तिला पिस्तूल लागलं नाही. “माझ्या डब्यातले पैसे तूच घेतलेस ना?” एवढ्यावर भागायचं.

“अगं, असं एकदम उत्तर द्यायचं नसतं,” मामा कळवळून म्हणाला. “आधी प्रश्न विचारायचे. मी होय किंवा नाही म्हणणार.”

“बरं बाबा. उचकी लागली होती का त्याला?”

मामाला ‘होय’ म्हणावं लागलं. पुढचे दहा किलोमीटर तो समोर बघत होता.

आजीला या सगळ्याचं नवल वाटत नाही. तिच्या लहानपणी कोड्याला उखाणा म्हणत. नवऱ्याचं नाव घेण्यापुरता तो शब्द पुढे उरला, हे तिलाच विचित्र वाटतं. आणि रेघ न पुसता लहान करून दाखव म्हटल्यावर शेजारी मोठी रेघ ओढणारा बिरबल तिने आमच्या बोनोच्या कितीतरी आधी ऐकला आहे. मामाही बिरबलाला मानतो. फक्त त्याची तक्रार अशी, की बिरबलाने पद्धत लिहून ठेवली नाही. नोंद नाही म्हणजे पुरावा नाही.

साताऱ्यानंतर आवक क्रमांक ११२ निघाला. एक माणूस दहाव्या मजल्यावर राहतो. सकाळी लिफ्टने तळमजल्यावर येतो. संध्याकाळी परतताना सातव्या मजल्यापर्यंतच लिफ्टने जातो आणि पुढचे तीन मजले जिन्याने चढतो. पावसाच्या दिवशी मात्र थेट दहाव्या मजल्यापर्यंत लिफ्टनेच जातो.

माझी बायको म्हणाली, “डॉक्टरांनी रोज तीन जिने चढायला सांगितलं असेल. पावसात पायऱ्या निसरड्या होतात, म्हणून त्या दिवशी सुट्टी.”

“नाही.”

“आठव्या मजल्यावर उधारी असेल,” मी म्हणालो. “जिन्याने गेलं की मागच्या बाजूने सटकता येतं. पावसाळ्यात सावकार गावाला.”

“नाही.”

थोरला म्हणाला, “वरची तीन बटणं तुटली असतील. आमच्या लिफ्टचं पाच नंबरचं तुटलंय, सोसायटी दोन वर्षं बघतेय.”

“बटणाच्या जवळ आलास. पण नाही.”

उंब्रजला हायवे सोडून गाडी पाटणच्या रस्त्याला लागली तेव्हा मामाने उत्तर जाहीर केलं. तो माणूस बुटका. त्याचा हात सातव्या बटणापर्यंतच पोचतो. पावसात छत्री असते, छत्रीच्या टोकाने तो दहावं बटण दाबतो.

धाकटी सात वर्षांची आहे. तिचा हात अजून आमच्या लिफ्टच्या वरच्या बटणांना लागत नाही. “मग तो वॉचमनकाकांना ‘दहा दाबा’ असं का नाही सांगत?” ती म्हणाली. “मी तसंच करते.”

“लागू नाही,” मामा म्हणाला आणि त्याने रजिस्टर मिटलं.

मामाची सगळी गंमत इथे आहे. एका प्रश्नाला दहा वाटा असतात हे तो जीव तोडून सांगतो, आणि दहांपैकी नऊ वाटांवर स्वतःच ‘प्रवेश बंद’ची पाटी घेऊन उभा राहतो. माझ्या बायकोचं उत्तर कुठेही कमी नव्हतं. कमी एवढंच होतं, की ते रजिस्टरात नव्हतं.

काही कोडी काळानेच निकामी केली आहेत, तेही मामाला पटत नाही. बाप आणि मुलगा यांना अपघात होतो, बाप जागीच जातो, मुलाला शस्त्रक्रियेसाठी नेतात, तर डॉक्टर म्हणतात, “मी शस्त्रक्रिया करू शकत नाही, हा माझा मुलगा आहे.” हे कसं? थोरल्याने मान वर न करता सांगितलं, “डॉक्टर म्हणजे त्याची आई.” मामा म्हणाला, “पूर्वी या कोड्याला तास तास लागायचा.” मामी म्हणाली, “आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर झाल्या. तास लागणाऱ्यांची चूक आहे.”

पाटणच्या पुढे जेवायला थांबलो. मामाने मुद्दाम सूप मागवलं, तेव्हाच आम्ही ओळखायला हवं होतं. आवक क्रमांक १. या घराण्यातलं आद्य कोडं. समुद्रावरून सुटून आलेला एक माणूस हॉटेलात अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याचं सूप मागवतो, एक घोट घेतो, घरी जातो आणि जीव देतो. जपानात याच गोष्टीत पक्ष्याऐवजी कासव आहे, आणि तिथे या खेळालाच ‘कासवाचं सूप’ म्हणतात. जहाज फुटल्यावर बेटावर उपाशी असताना सोबत्यांनी ‘हा पक्षी आहे’ म्हणून जे खाऊ घातलं तो पक्षी नव्हता, हे त्या घोटाबरोबर त्याला कळतं. मग काय होतं, ते जेवणाच्या ताटासमोर मी लिहिणार नाही. मामाने मात्र ताटासमोरच सांगितलं, आणि तेही खणखणीत आवाजात: “सूपचा एक घोट घेतला आणि माणूस मेला!”

खानावळीचे मालक हात पुसत धावत आले. “साहेब, आमच्याकडे? कधी?”

मामा त्यांनाही म्हणाला, “प्रश्न होय-नाही असा विचारा.”

कुंभार्ली घाट लागला. ढग खाली उतरले होते, गाडी हळू होती. मुलांचे फोन बॅगेत तळाशी गेले होते आणि ते काढून द्या असं सकाळपासून कोणी म्हटलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. धाकटी पुढे वाकून म्हणाली, “मामाआजोबा, आता मी घालते कोडं. एक माणूस गाडीत बसला की दिवसभर बोलतो. घरी गेला की गप्प बसतो. का?”

मामा सरसावला. “तो माणूस म्हातारा आहे का?”

“होय.”

“त्याच्या घरी कोणी नसतं का?”

“नाही. मामीआजी असते.”

मामाने चष्मा खाली घेतला. “मग तो गप्प का?”

“असं नाही विचारायचं. होय-नाही.” मग तिलाच राहवलं नाही. “तिला सगळी उत्तरं माहीत आहेत म्हणून!”

मामी खिडकीबाहेर बघत होती. मामाने खिशातून पेन काढलं आणि हे कोडं रजिस्टरात लिहून घेतलं. दुसऱ्याचं उत्तर त्याने नोंदवून घेतल्याची ही पहिलीच वेळ.

गुहागरला मामीचं माहेर. तिथे तीन दिवस मामा फारसा बोलला नाही. समुद्र उघड्यावर असतो, ऐकणारे उठून जाऊ शकतात.

या आडव्या विचाराच्या माणसाचं रोजचं जगणं पाहिलं तर ते रुळासारखं सरळ आहे. केस कापायला तो वीस वर्षं एकाच खुर्चीत बसतो. शेजारची खुर्ची रिकामी असली तरी आपल्या खुर्चीची वाट पाहतो. जाताना ज्या टपरीवर चहा घेतला, येताना तिथेच घ्यायचा. ती टपरी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला गेली तरी पुढे जाऊन वळण घ्यायचं. त्यामुळे परतताना चिपळूणच्या जवळ गाड्यांची रांग दिसली आणि मामा स्वतःहून ड्रायव्हरला म्हणाला, “आडवा विचार करा, त्या गावातल्या रस्त्याने घ्या,” तेव्हा आम्ही सगळे चाट पडलो.

गावाच्या पुढे रेल्वेखालून जाणारा छोटा बोगदा होता आणि त्याच्या अलीकडे उंच गाड्या अडवायला लोखंडी आडवा खांब. गाडीच्या टपावर कॅरिअरला आमच्या बॅगा आणि मामीच्या भावाने दिलेला कापा फणस. चांगला दोन फूट लांब, बॅगांच्या मध्ये उभा खोचून सुंभाने आवळलेला. ड्रायव्हरने गाडी खांबाला लावली. फणसाचं डोकं चार बोटं वर जात होतं.

“सगळे उतरा, वजन कमी करा,” मामाने हुकूम सोडला. आम्ही आजीसकट उतरलो. गाडी स्प्रिंगांवर हलकी होऊन वर आली आणि चार बोटांची सहा झाली. ड्रायव्हर म्हणाला, “बसा परत सगळे.” आम्ही बसलो. सहाची पुन्हा चार झाली.

मग मामाच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी कधी विसरणार नाही. आवक क्रमांक ७! पुलाखाली ट्रक अडकतो, मोठमोठे इंजिनिअर डोकं खाजवतात, आणि एक लहान मुलगा सांगतो, चाकांतली हवा सोडा. इतकी वर्षं जपलेलं कोडं आज त्याला भेटायला आलं होतं. ड्रायव्हर नको नको म्हणत असताना मामाने खाली वाकून चारही चाकांची हवा सोडली. सूं सूं आवाजाने गावातली दोन कुत्री उठून बसली. गाडी म्हशीसारखी खाली बसली आणि इंच इंच सरकत आत गेली. खांबाने फणसाच्या काट्यांवरून हात फिरवला, खर्र असा आवाज आला आणि आम्ही पलीकडे निघालो. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आजीने माळ कपाळाला लावली. मामा खाली उतरला आणि कंबरेवर हात ठेवून बोगद्याकडे पाहत उभा राहिला.

“साहेब,” ड्रायव्हर म्हणाला, “आता हवा कुठं भरायची?”

आवक क्रमांक ७ मध्ये याचं उत्तर नाही. ते कोडं पुलापलीकडे संपतं. त्या ट्रकचं पुढे काय झालं हे मामाला आजवर कोणी विचारलेलं नव्हतं. पंक्चरवाला सहा किलोमीटरवर, गाडीत पंप नाही. ड्रायव्हर एका मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून गेला. आम्ही एका काजूच्या झाडाखाली बसून राहिलो. तासभर कोणी बोललं नाही. कोडं तर कोणीच घातलं नाही.

मामी टपाकडे पाहत होती. शेवटी म्हणाली, “अहो, एक विचारू? होय-नाही असंच उत्तर द्या.”

“विचार.”

“फणस उभा होता. तो नुसता आडवा केला असता, तर गेला असता का खालून?”

मामाने फणसाकडे पाहिलं. खांबाकडे पाहिलं. चार बसलेल्या चाकांकडे पाहिलं. मग चष्मा काढून रुमालाने पुसत म्हणाला, “लागू नाही.”

परवा मी त्याच्याकडे गेलो तेव्हा रजिस्टर टीपॉयवर पडलेलं होतं. शेवटची नोंद, आवक क्रमांक २१४: ‘एक माणूस चांगल्या चाकांची हवा सोडतो. सगळे टाळ्या वाजवतात. तासाभराने त्याची बायको एक प्रश्न विचारते आणि तो गप्प होतो. का?’ मी मागून उत्तराची पानं उघडली. मामाने तिथे काही लिहिलेलं नाही. मामीच्या शाळेतल्या वळणदार अक्षरात, पेन्सिलीने, एकच शब्द आहे: फणस.

तुमच्याही घरात असा एक जण असणार. त्याच्याबरोबर निघणार असाल तर भेंड्यांची गाणी पाठ करून काही उपयोग नाही. डिकीत हवेचा पंप ठेवा, आणि सामान आधीच आडवं बांधा.